पुण्याचं ते नाक: माती, मेण आणि फोममध्ये स्वतः करून पाहा

प्लॅस्टिक सर्जरीचा इतिहास शिकवायला मी पुस्तकांपेक्षा माती जास्त वापरली. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात मी मॉडेलर होते. हाडं, स्नायू, रक्तवाहिन्या मातीत घडवायच्या, प्लॅस्टरचे साचे काढायचे, रंगवायचे आणि मुलांनी हाताळून हाताळून मोडले की पुन्हा करायचे, असं ते काम. एमबीबीएसच्या आणि पुढे कलाशाळेच्या मुलांना मी एक सराव द्यायचे: अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ झालेली नाकाची शस्त्रक्रिया मातीच्या चेहऱ्यावर पहिल्या मापापासून शेवटच्या कापापर्यंत करायची. तोच इथे देते आहे. दोन दिवस मोकळे ठेवा, कारण मधे एक रात्र खळ वाळू द्यावी लागते.

मॉडेलवर हात बसवणं ही फार जुनी रीत आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात त्यासाठी एक अख्खा अध्याय आहे. कापायचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर. खरवडायचा सराव केसाळ कातड्यावर. पट्ट्या बांधायचा सराव कापडाच्या बाहुलीवर. शिष्य कितीही शिकलेला असो, हा सराव केला नसेल तर तो कामाला नालायक, असं तिथे रोखठोक म्हटलं आहे. आणि एक गोष्ट सांगायला नकोच, तरी सांगते: आपणही जे करणार ते फक्त माती आणि फोमवर.

आता ज्या माणसाचं नाक आपण करणार त्याच्याबद्दल. कावसजी हा मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४च्या अंकात ही हकिकत ‘बी. एल.’ अशा सहीच्या पत्रातून छापली. मुंबई इलाख्यातल्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली आहे, असं पत्रात आहे. पत्रलेखकाने कावसजीचं नाव दिलं, डॉक्टरांची दिली. ज्याने नाक बसवलं त्याची नुसती जात सांगितली. मला हे दर वेळी खटकतं. पण पद्धत मात्र पत्रलेखकाने इतकी नीट लिहून ठेवली आहे की तिच्यावरून आपण पायरी पायरीने जाऊ शकतो.

सामान

शाडू किंवा प्लॅस्टिसिन, पूर्ण आकाराचा चेहरा होईल इतकं. फळी. मधमाशीचं मेण, मेणबत्तीचं चालत नाही, वाकवलं की तडकतं. दोन मिलिमीटर जाडीची फोम शीट, किंवा मिळालं तर मऊ पातळ कातडं. कातडं जास्त बरं, ओलं करून थोडं ताणता येतं. फोमची एक बाजू कातडीच्या रंगाने आणि दुसरी लाल रंगाने रंगवून वाळवून ठेवा. ही लाल बाजू विसरू नका, पुढे सगळा खेळ तिच्यावर आहे. याशिवाय कटर, बारीक तार, कात्री, टाचण्या, मार्कर, जाड दोरा, कॅलिपर, जुन्या सुती कापडाच्या बोटभर रुंद पट्ट्या, कणकेची खळ, थोडा पुठ्ठा आणि एक टॉर्च. सुई फक्त एका जोडसरावाला लागेल. पुण्याच्या त्या शस्त्रक्रियेत टाका घातलाच नव्हता.

चेहरा आणि नाक

फळीवर चेहऱ्याचा पुढचा भाग उठावात करा. कान, मान, डोक्याची मागची बाजू नको. पण केसांच्या रेषेपासून वरच्या ओठापर्यंतची मापं चोख हवीत. कलाशाळेत शिकवतात ते प्रमाण तुम्हाला माहीत असेल: केसांची रेषा ते भुवई, भुवई ते नाकाचं बूड, नाकाचं बूड ते हनुवटी हे तीन भाग सारखे, आणि नाकाची रुंदी दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढी. लिओनार्दोच्या वह्यांमध्ये चेहऱ्याचे असे भाग पाडलेले आहेत, जर्मन चित्रकार ड्यूररचं मानवी प्रमाणांवरचं पुस्तक १५२८मध्ये निघालं, आणि चित्रकारांच्या या रेषा पुढे सर्जनांच्या पाठ्यपुस्तकांत जशाच्या तशा उतरल्या. १९८५मध्ये लेस्ली फार्कस आणि सहकाऱ्यांनी खरे तरुण चेहरे मोजून ही प्रमाणं तपासली, तेव्हा कितीतरी चेहरे त्यांत बसेनात. म्हणून माझा आग्रह असा की पुस्तकातलं माप घेऊ नका. आरशासमोर बसा, कॅलिपर घ्या आणि स्वतःचं कपाळ मोजा. या शस्त्रक्रियेत कपाळाची उंची किती हे नाकाच्या लांबीइतकंच महत्त्वाचं आहे. का ते दोरा हातात घेतला की कळेल.

चेहरा झाला की नाक पूर्ण करा. घाईने करू नका, कारण कापण्याआधी ते वाचायचं आहे. खोली अंधारी करून टॉर्च एका बाजूने धरा. नाकाचा कणा उजळ दिसेल, एक उतार सावलीत जाईल, शेंड्यावर प्रकाशाचा ठिपका येईल, नाकपुडीच्या मागे गडद खाच पडेल. जिथे जिथे प्रकाश पालटतो तिथे टाचणीने बारीक रेघ ओढा. रेघा बरोबर पडल्या तर नऊ भाग होतात: कणा, शेंडा, दोन उतार, दोन नाकपुड्या, नाकपुड्यांमधला खांब, आणि शेंडा व नाकपुडी यांच्यामधले दोन चिमुकले त्रिकोण. गॅरी बर्जेट आणि फ्रेडरिक मेनिक या अमेरिकी सर्जनांनी हेच भाग १९८५मध्ये मांडले. त्यांचं म्हणणं असं की एखाद्या भागाचा निम्म्याहून जास्त तुकडा गेला असेल, तर उरलेलाही काढून तो अख्खा भागच नवा करावा. म्हणजे जोड त्या भागाच्या सीमेवर, मुळातच सावली असते तिथे पडतो आणि डोळ्याला दिसत नाही. वाचवता येईल तेवढी कातडी वाचवावी या जुन्या शिकवणुकीच्या अगदी उलट. कोळशाने चेहरा काढणाऱ्याला मात्र यात नवल वाटत नाही.

आता तारेने नाक कापा. वरचा साधारण तिसरा हिस्सा हाडाचा असतो, तो ठेवा. खालचा, कूर्चेचा भाग काढून टाका आणि उरलेल्या जागी मधे पडदा असलेलं भोक कोरा. कापलेलं नाक मोडून मातीत मिसळून टाका. समोर असलं की हात त्याचीच नक्कल करतो, आणि कावसजीच्या नाकाचा नमुना काही त्या कारागिरापुढे नव्हता.

मेणाचा पत्रा

सगळ्या सरावात मला सर्वांत प्रिय पायरी ही. पत्रात लिहिलंय की आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून त्याला चांगलं दिसणाऱ्या नाकाचा आकार देतात. मग तो सपाट करून कपाळावर ठेवतात आणि त्याच्या कडेने रेघ ओढतात.

मेण कोमट पाण्यात मऊ करा, दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटा. जाडी दोन मिलिमीटरच्या वर नको. हाताच्या उबेने तो खुंटावर बसवा, अंगठ्याने कणा उचला, नाकपुड्या गोल करा, खालून मधला खांब आत वळवून ओठापर्यंत आणा. मागे सरकून समोरून, दोन्ही बाजूंनी, खालून बघा. इथे जेवढा वेळ जाईल तेवढा जाऊ द्या, कारण या शस्त्रक्रियेत शिल्पकाराचं म्हणून जे काही आहे ते सगळं इथेच आहे. यानंतर उरतं ते सपाट कातडीला या आकाराकडे परत आणणं.

आकार पटला की पत्रा अलगद उचला आणि टेबलावर सपाट करायला लागा. होणार नाही. शेंड्याशी फुगवटा राहतो, नाकपुड्यांच्या कडेला मेण फाटायला बघतं. ब्लाउज शिवणाऱ्याला विचारा, गोलाई कापडात आणायची तर टक्स घालावे लागतात. आपण उलट्या दिशेने चाललो आहोत, म्हणून तिथे काप द्यायचे. नाकपुडी आणि खांब यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक काप दिला की पत्रा आडवा होतो. आता बाह्यरेषा पाहा: एका टोकाला निमुळता, मग रुंद होत जाणारा आणि दुसऱ्या टोकाला तीन पाकळ्यांचा आकार. कडेच्या दोन पाकळ्या म्हणजे नाकपुड्या, मधली म्हणजे खांब. मुलांना हा आकार दाखवून ‘हे काय?’ म्हणून विचारलं तर कुणीही नाक म्हणत नाही. आणि रुंदीसुद्धा बघा, समोरून दिसणाऱ्या नाकापेक्षा ती कितीतरी जास्त भरते.

सुश्रुतसंहितेत याच कामाला झाडाचं पान आहे. नाकाच्या मापाचं पान घ्यायचं, त्या मापाने गालावरची कातडी एका बाजूने जोडलेली ठेवून उचलायची, नाकाच्या खुंटाची कड ताजी करून तिथे ती बसवायची. तिथे दाता गाल, पुण्याच्या नाकात कपाळ. पण आधी नमुना, मग कातडी हा क्रम तोच. आजचा सर्जनसुद्धा टाक्यांच्या धाग्याच्या पाकिटाची चमकी नाकावर दाबून, कापून, सपाट करून कपाळावर ठेवतो.

वीटकाम करणाऱ्या माणसाकडे हे कौशल्य कसं आलं यावर डॉक्टर मंडळी आश्चर्य करतात. मातीत हात घालणाऱ्याला तेवढं आश्चर्य वाटत नाही. माती वाळताना आकसते, म्हणून ओल्या विटेचं माप पक्क्या विटेपेक्षा मोठं धरावं लागतं. नव्या नाकाची कातडीही आकसते आणि जुने सर्जन त्यासाठी तुकडा मुद्दाम मोठा घेत. या दोन गोष्टींचा संबंध मी लावते तो माझा तर्क, पुरावा कुठे नाही.

दोरा आणि देठ

फोमचा तुकडा, कातडीचा रंग वर ठेवून, कपाळावर टाचण्यांनी बसवा. भुवयांच्या मधल्या जागेपासून केसांच्या रेषेपर्यंत सगळं झाकलं पाहिजे. आता दोऱ्याचं एक टोक भुवईच्या आतल्या टोकाशी टाचणीने रोवा. दुसरं टोक खाली, जिथे खांब ओठाला मिळतो तिथपर्यंत आणा आणि बोटाने धरा. तोच दोरा तसाच फिरवून वर कपाळावर न्या. जिथे पोचला तिथपर्यंत तुमचा फ्लॅप, म्हणजे एका बाजूने जोडलेला ठेवून उचलायचा कातडीचा तुकडा, जाणार. पिळात थोडी लांबी जाते, म्हणून बोटाच्या पेराएवढं आणखी सोडा. दोरा केसांत शिरला? मग नाकाच्या शेंड्यावर केस उगवणार. बुटक्या कपाळाच्या माणसात सर्जनपुढे हा प्रश्न आजही असतो; फ्लॅप थोडा तिरपा घेणं किंवा देठ खाली डोळ्याकडे आणखी सोडवणं हे त्यावरचे इलाज.

मेणाचा पत्रा कपाळावर उलटा ठेवा: तीन पाकळ्या वर, केसांकडे, निमुळतं टोक खाली, भुवयांकडे. मार्करने कडेने रेघ ओढा. खालच्या टोकाला मात्र रेघ जोडू नका. तिथे सव्वा ते दीड सेंटिमीटर रुंदीचा देठ सोडायचा. पत्रात ‘डोळ्यांमध्ये एक छोटी पट्टी’ असं त्याचं वर्णन आहे, आणि जोड पक्का होईपर्यंत रक्ताभिसरण तिच्यातून चालू राहतं हेही लिहिलं आहे. भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक रोहिणी, म्हणजे रक्त पुरवणारी वाहिनी, कपाळावर चढते. लाल पेनाने ती देठातून वर पाकळ्यांपर्यंत काढा. या एका रेघेवर नवं नाक जगतं.

कटरने बाह्यरेषा कापा, देठ सोडून. फ्लॅप उचला.

इथे दोन गोष्टी करून बघा. पहिली: फ्लॅप सरळ खाली दुमडा, पुस्तकाचं पान उलटावं तसा. नाक लाल झालं! कच्ची बाजू बाहेर, कातडी आत. दुसरी: फ्लॅप वर न्या आणि आता दुमडण्याऐवजी फळीला समांतर ठेवून अर्धा फेरा फिरवत खाली आणा. देठाला पीळ बसतो, वर असलेल्या पाकळ्या खाली नाकपुड्यांच्या जागी येतात आणि कातडीचा रंग बाहेरच राहतो. पत्रातला ‘अर्धा पीळ’ तो हाच. वाचताना तो कुणाच्याच लक्षात येत नाही, आणि हातात फोम असला की एका फेऱ्यात कळतो. पीळ डावीकडून द्यायचा की उजवीकडून, ते रोहिणी कुठल्या बाजूची त्यावर ठरवा. ती कमीत कमी मुरडली पाहिजे.

बसवणी

खुंटाच्या कडेने मातीत तीन मिलिमीटर खोल चर पाडा. दोन्ही नाकपुड्यांच्या बाहेरून आणि खाली ओठाच्या वर. मूळ शस्त्रक्रियेत जुना व्रण तासून तिथे काप घेतला होता, कारण वाळलेला व्रण कशालाच जुळत नाही. फ्लॅपची कड त्या चरात खोचा. मग कापडाच्या पट्ट्या खळीत बुडवून जोडावर एकावर एक पाच-सहा थर द्या. कावसजीला पट्ट्या लावल्या त्या काताच्या, पाण्यात मऊ केलेल्या काताचा लेप दिलेल्या. चार दिवस त्या तशाच ठेवल्या, मग काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवलं. पाच-सहा दिवस त्याला उताणं झोपवून ठेवलं होतं. आपण फळी आडवी ठेवून रात्रभर सोडायची.

खळ वाळतेय तोवर आणखी एक सराव करा. याला सामान काही लागत नाही. दंडाची आतली बाजू नाकाला लावा, हाताचा पंजा डोक्यावर ठेवा आणि दहा मिनिटं हलू नका. सोळाव्या शतकात इटलीतल्या बोलोन्याच्या गास्पारे ताल्याकोत्सीचे रुग्ण असे दोन-तीन आठवडे राहायचे. त्याने कपाळाऐवजी दंडाची कातडी घेतली आणि ती नाकावर रुजेपर्यंत हात डोक्याला बांधून ठेवला. १५९७मध्ये व्हेनिसला छापलेल्या त्याच्या ग्रंथातली लाकडी ठशांची चित्रं पाहण्यासारखी आहेत. शांत चेहऱ्याचा माणूस, अंगात पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट, हात डोक्यावर. शिंप्याला ते जाकीट चित्रावरून शिवता येईल इतकं ते नेमकं काढलंय. बोलोन्याच्या जुन्या शवविच्छेदनगृहात त्याचा पुतळा आहे, हातात नाक धरलेला. दहा मिनिटांनी दंड भरून आला की कपाळाची थोरवी पटते.

पीळ तोडण्याआधी

दुसऱ्या दिवशी पट्ट्या ओल्या करून काढा. दहाव्या दिवशी कावसजीच्या नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घातले होते, त्या उघड्या राहाव्यात म्हणून. सुश्रुतसंहितेत यासाठी दोन नळ्या आहेत. तुम्ही कागदाच्या दोन सुरळ्या घाला. नाक छान उभं राहील. आता सुरळ्या काढा.

ते बसतं. शेंडा खाली येतो, नाकपुड्या चपट्या होतात. आतली लाल बाजू बघा: खऱ्या नाकात ही बाजू उघडी राहिली तर भरून येताना ती आकसते आणि अख्खं नाक आपल्याबरोबर ओढून घेते. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने ‘जंटलमन्स मॅगझिन’मधली हकिकत वाचून, मृतदेहांवर सराव करून १८१४मध्ये ही शस्त्रक्रिया केली आणि दोन वर्षांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं. त्यानंतर युरोपात कपाळाचं नाक पसरलं. आत अस्तर हवं, मधे आधार हवा, वर कातडी हवी, हे तीन थर नीट जमायला मात्र पुढचं शतक लागलं. मॉडेलमध्ये हे तिन्ही करून घ्या. नाकपुड्यांच्या आत फोमची दुसरी पातळ पट्टी, कातडीचा रंग भोकाकडे ठेवून. कण्याखाली पुठ्ठ्याची उभी पट्टी आणि दोन नाकपुड्यांत दोन वक्र तुकडे. फ्लॅप पुन्हा बसवा आणि टॉर्च लावा. थर घातल्यावर जो प्रकाशाचा ठिपका शेंड्यावर परत येतो, तो पाहण्यासाठी तरी हे करा.

सुई काढली असेल तर इथेच हॅरल्ड गिलीज या पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या सर्जनची नळी करून बघा. फोमची लांब पट्टी दोन्ही टोकांना जोडलेली ठेवून कडेने कापा. तिच्या दोन लांब कडा लाल बाजू आत घेऊन एकमेकींना शिवा. उघडी कच्ची बाजू कुठे राहिली? कुठेच नाही. ऑक्टोबर १९१७मध्ये इंग्लंडमधल्या सिडकपच्या रुग्णालयात, जटलंडच्या सागरी लढाईत भाजलेल्या एका खलाशावर काम करताना उचललेल्या कातडीच्या कडा आपोआप आत वळताना गिलीजने पाहिल्या आणि त्या तशाच शिवून टाकल्या. ओडेसाचा डॉक्टर फिलातॉव्ह त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता. जखम झाकली गेल्याने जंतुसंसर्ग कमी झाला, आणि अशी नळी एक टोक सोडवून टप्प्याटप्प्याने दूर नेता आली.

आता देठ तोडा. पत्रात त्यासाठी साधारण पंचविसावा दिवस दिला आहे, आणि तेव्हा आकार सुधारण्यासाठी थोडी आणखी कापाकापी लागते असंही. म्हणजे शेवटचा हात फिरवणं आलंच. मॉडेलमध्ये वरची कड नाकाच्या मुळाशी सफाईने उतरवा, उरलेला देठ भुवयांमध्ये परत बसवा. कपाळावरची जागा? दोन्ही कडा जवळ ओढून बघा: खाली मिळतात, वर केसांपाशी मिळत नाहीत. तिथे जबरदस्ती करू नका. खऱ्या कपाळावर ती जागा हळूहळू आपली आपण भरते.

चित्र काढा

मॉडेल झालं म्हणजे काम संपलं असं समजून मुलं उठतात. चित्र राहिलेलं असतं. कावसजी आपल्याला माहीत आहे तो चित्रामुळे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्या वर्षांत पुण्यात होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र त्याचंच, आणि शनिवारवाड्यात चित्रकला शिकवायची सोय झाली तीही त्याच्या आणि इंग्रजांचा पुण्यातला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या खटपटीने. चित्रकार गंगाराम तांबट त्याचाच शिष्य. ज्या हाताने नाना रंगवले त्याच हाताने १७९४च्या जानेवारीत एक गाडीवान रंगवला, आणि त्यावरून विल्यम नटरने केलेलं कोरीव चित्र लंडनमध्ये निघालं. कपाळावरचा व्रण त्यात लपवलेला नाही.

दोन चित्रं काढा. एक रेखाटन: फक्त रेषा, कापाच्या जागा, बाण, माप. दुसरं पेस्टलमध्ये, रंगीत. ही जोडी हेन्री टाँक्सकडून घ्या. तो आधी सर्जन होता, मग चित्रकार झाला आणि लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकवायला लागला. १९१६मध्ये ऑल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात त्याने गिलीजच्या रुग्णांचे चेहरे पेस्टलमध्ये काढले, शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे, शिवाय शस्त्रक्रियेच्या आकृत्याही. त्या काळचे फोटो कृष्णधवल. ताज्या जखमेचा लाल आणि भरत आलेल्या कातडीचा जांभळट रंग त्यांत सारखाच करडा दिसायचा. गिलीज स्वतःही चित्रं रंगवायचा. शस्त्रक्रियेने ज्यांचं भागलं नाही त्यांच्यासाठी फ्रान्सिस डर्वेंट वुड लंडनमध्ये आणि ॲना कोलमन लॅड पॅरिसमध्ये पातळ तांब्याचे रंगवलेले मुखवटे करत होते, दोघंही शिल्पकार.

पेस्टल करताना टॉर्च डावीकडून लावून एक चित्र आणि उजवीकडून लावून दुसरं काढा. दोन्हींत जोड कुठे ओरडतो ते बघा. बहुतेक वेळा तो उताराच्या मधोमध असतो, सीमेवर नसतो. मॉडेलवर परत जा, तिथली कड सीमेपर्यंत सरकवा, पुन्हा काढा.

हे जमलं आणि हात शिवशिवत असतील तर पुढे कान घ्या. सुश्रुतसंहितेत तुटलेली कानाची पाळी जोडायच्या पंधरा पद्धती आहेत. जन्मतः कान नसलेल्या मुलांसाठी बरगडीच्या कूर्चेतून कानाचा सांगाडा कोरायची पद्धत रॅडफर्ड टँझरने १९५९मध्ये मांडली. अंघोळीच्या साबणाच्या वडीतून तुमच्या कानाच्या मापाचा सांगाडा कोरा: बाहेरची वळलेली कड, आतली दुभंगणारी कड, मधली खोल वाटी. मग त्यावर रबरी हातमोज्याचा तुकडा ताणून बसवा. निम्मे बारकावे गायब होतील. हातमोजा काढून टाका आणि सगळ्या खाचा आणखी खोल करा, साबण पाहताना बटबटीत वाटेल इतक्या.